आईच्या ट्रान्झिटमधल्या गाळ्याची थकबाकी आणि घर खाली करायची नोटीस. काय करावं?

परळचा_पाहुणा (धागाकर्ता) | १९ जुलै २०२५, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र. पाककृतीच्या धाग्यावर एखादा +१ देऊन पळणारा. आज गरज पडली म्हणून लिहितोय.

आमची मूळ खोली परळला, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीत. १९९६च्या पावसाळ्याआधी इमारत अतिधोकादायक ठरवून रिकामी करून घेतली आणि आम्हाला संक्रमण शिबिरात (ट्रान्झिट कॅम्पात) १८० चौरस फुटांचा गाळा दिला. दोन-तीन वर्षांत नवी इमारत उभी राहील, मग परत जा, असं तोंडी सांगितलं होतं. मी तेव्हा नववीत होतो. आता माझी मुलगी नववीत आहे आणि परळच्या त्या जागेभोवती अजून पत्र्याचं कुंपण आहे. प्लॉट चिंचोळा, पुढचा तुकडा रस्तारुंदीत गेलेला, त्यामुळे एकही बिल्डर तिकडे फिरकत नाही.

शिबिर कुठल्या खात्याचं ते मुद्दाम लिहीत नाही. आई अजून तिथेच राहते.

अण्णा नोव्हेंबर २०१२च्या शेवटी गेले. जानेवारीचं भाडं भरायला आई खिडकीवर गेली तर सांगितलं, मयताच्या नावावर भाडं घेता येत नाही, आधी वारस नोंद करून आणा. तिने अर्ज दिला, पण पोच घेतली नाही. नंतर दोनदा गेली. एकदा साहेब मीटिंगला, एकदा साहेब बदलून गेलेले. मग तिचं जाणंच सुटलं. मी पुण्यात नव्या नोकरीत होतो. "भाडं भरतेस ना?" असं मी कधी विचारलं नाही, आणि तिनेही आपणहून सांगितलं नाही.

परवा दारावर नोटीस चिकटवून गेले. थकीत भाडे २,७०,००० रुपये, व्याज वेगळे, भरणा न केल्यास निष्कासनाची कारवाई. सोबत महिन्यागणिक यादी आहे. पहिल्या ७२ ओळी ५०० रुपयांच्या, पुढच्या ७८ ओळी ३००० रुपयांच्या. दर मध्येच का बदलला, ते कुठेच लिहिलेलं नाही.

आई दोन घरच्या पोळ्या करायची, गुडघ्यांमुळे आता तेही बंद आहे. मी कर्ज काढून सगळे पैसे भरून टाकू का? भरले तर घर वाचेल का? आणि शेजारचे म्हणतात तसं, शिबिरातून एकदा बाहेर काढलं की परळच्या घरावरचा हक्कही जातो, हे खरं आहे का?

कोयनाकाठ | १९ जुलै, ११:३२

वाचतोय. जाणकार येतीलच. पण जाणकार येईपर्यंत एक पैसाही भरू नका.

लोणच्याची_बरणी | २० जुलै, सकाळी ७:०५

अरे बाबा, आधी आईला घाबरवू नकोस. दारावर कागद चिकटवला म्हणजे उद्या सामान बाहेर फेकत नाहीत.

आमच्या गिरगावच्या चाळीत घरमालकाला सगळ्यांना हुसकवायचं होतं, तेव्हा तो भाडंच घेईना. म्हणजे पुढे "भाडं थकवलं" म्हणून कोर्टात जाता येईल. माझे वडील दर महिन्याला मनीऑर्डर करायचे. पोस्टमन "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आणायचा. त्या परत आलेल्या फॉर्मांची एक पिशवी आमच्या देवघराच्या फळीवर होती. गणपतीत सजावट करताना ती पिशवी हलली तरी वडील ओरडायचे. पुढे कोर्टात तीच कामाला आली.

सांगायचं ते हे, की आईने भाडं भरायची तयारी दाखवली होती याचा एखादा तरी कागद शोध. डबे, ट्रंका, गाद्यांखाली, सगळीकडे बघ. बायका कागद कुठे ठेवतात ते मुलांना कधी ठाऊक नसतं.

करदाता१ | २० जुलै, ९:४८

कटू वाटेल, पण बोलतो. महिना ५०० रुपये. मुंबईत. एका माणसाच्या रिचार्जपेक्षा जरा जास्त. तेही साडेबारा वर्षं भरले नाहीत. मी कांदिवलीत वन बीएचकेला ३१,००० भरतो आणि एक महिना चुकला तर मालक ११ महिन्यांचा करार नव्याने करणार नाही. मला कुणी सहानुभूतीचा धागा काढून देत नाही.

शिबिरातले किती गाळे परस्पर विकलेत, किती भाड्याने लावलेत, हे सगळ्यांना माहीत आहे. दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून पुन्हा यांचीच ओरड. भाडं न भरता दुरुस्ती कशी होणार?

परळचा_पाहुणा | २० जुलै, १०:२०

@करदाता१, ५०० भरता येत नव्हते असं मी कुठेच लिहिलेलं नाही. घेतले नाहीत, असं लिहिलंय. पण बारा वर्षं मी गप्प बसलो, ते खरंच आहे. त्यावर मला काही बोलता येत नाही.

@लोणच्याची_बरणी, पत्र्याचा बिस्किटांचा डबा सापडला. २०१२पर्यंतच्या सगळ्या भाडेपावत्या आहेत, अण्णांनी वर्षागणिक रबरबँड लावून ठेवलेल्या. रबर वितळून कागदाला चिकटलंय.

वसुलीवाला_निवृत्त | २० जुलै, दुपारी ३:१५

मी ३१ वर्षं भाडेवसुलीकार होतो. कुठे, ते विचारू नका. आता नातवाने टंकलेखन शिकवलं म्हणून इथे येतो.

धागाकर्त्याने यादीतले आकडे दिले म्हणून हिशेब मांडला. ७२ महिने गुणिले ५०० म्हणजे ३६,०००. ७८ महिने गुणिले ३००० म्हणजे २,३४,०००. बेरीज २,७०,०००. सगळे १५० महिने ५००च्या दराने धरले असते तर ७५,००० झाले असते. वरचे १,९५,००० हे भाडं नव्हे. तो शिक्का आहे.

शिबिरात दर दोन असतात. मूळ भाडेकरूला एक, घुसखोराला दुसरा. दर ५०० वरून ३००० वर गेला याचा अर्थ जानेवारी २०१९पासून तुमच्या आई दप्तरी घुसखोर आहेत. नोटिशीत हे लिहिलेलं नसतं, पण खातेवही तेच बोलते. म्हणून सांगतो, ही थकबाकीची नोटीस दिसते, पण आतून पात्रतेची आहे. तुम्ही कर्ज काढून निमूट २,७०,००० भरलेत तर पावती मिळेल, पण ती घुसखोराच्या दराची पावती असेल. उद्या मास्टर लिस्टसाठी (मूळ जागी परत जाता न येणाऱ्या भाडेकरूंना कायमचं घर द्यायची यादी) किंवा परळच्या पुनर्बांधणीत हक्क सांगायला गेलात की समोरचा तीच पावती दाखवेल.

करदातासाहेबांच्या मुद्द्यावर. गाळे विकणारे, पोटभाडेकरू ठेवणारे मीही पाहिले. पण साहेब, त्यांची थकबाकी नसते! माझ्या ३१ वर्षांतला अनुभव आहे. बेकायदा बसलेला माणूस महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खिडकीवर हजर असतो, कारण त्याच्याजवळ पावतीशिवाय दुसरा कागदच नसतो. भाडं थकतं ते म्हाताऱ्यांचं, विधवांचं आणि भावाभावांत भांडण असलेल्या घरांचं. त्यांना वाटतं आपण तर मूळचे, आपल्याला कोण काढतंय.

धागाकर्त्याने शोधायचे कागद: परळच्या घरमालकाची जुनी भाडेपावती, इमारत रिकामी करायची नोटीस, शिबिरातल्या गाळ्याचं वाटपपत्र आणि ताबा घेतल्याची पावती. या चार कागदांपुढे बाकीचं सगळं दुय्यम.

कोयनाकाठ | २० जुलै, ३:२२

"तो शिक्का आहे." _/\_

कलमदान | २० जुलै, रात्री १०:४०

वकिली करतो, पण हा सल्ला नव्हे, गप्पा समजा. तुमच्या वकिलाला सगळे कागद दाखवा.

शिबिर कोणाचं यावर कायदा ठरतो. म्हाडाचं असेल तर म्हाडा अधिनियम १९७६, कलम ६६. पालिकेची मिळकत असेल तर १८८८च्या महापालिका अधिनियमाचं कलम १०५ब. राज्य शासनाची असेल तर १९५५चा सरकारी जागांतून निष्कासनाचा कायदा. म्हाडा आणि पालिका दोन्हीकडे दोन महिन्यांहून जास्त भाडं थकलं की कारवाईला आधार मिळतो. पण आधी लेखी कारणे दाखवा नोटीस, मग म्हणणं मांडायची संधी, मग आदेश, हा क्रम कुणालाच चुकवता येत नाही. तुमच्या कागदाचा मथळा नीट वाचा. ती मागणी नोटीस आहे, कारणे दाखवा नोटीस आहे की थेट आदेश आहे? तिन्हींची उत्तरं वेगळी असतात.

पुष्कळांना वाटतं भाडे नियंत्रण कायदा आपल्याला वाचवेल. १९९९च्या त्या कायद्यात कलम १५ आहे. खासगी मालकाला थकबाकीसाठी आधी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं. मग दावा लावला, आणि समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी १५ टक्के व्याजासह कोर्टात भरली, तर घर खाली करायचा हुकूम होत नाही. पण सरकार आणि म्हाडासारख्या संस्थांच्या जागांना तो कायदा लागू नाही. म्हणजे पागडीच्या खोलीत तुमच्या आईला जे कवच होतं, ते सरकारने सुरक्षिततेसाठी हलवल्यावर गेलं. हे मी दर वेळी अशिलाला सांगतो आणि दर वेळी त्याला वाटतं मी थट्टा करतोय.

मुदतीचा आक्षेप लेखी घेऊन ठेवा. तीन वर्षांमागच्या रकमेसाठी साधा दिवाणी दावा मुदतबाह्य ठरतो. नवी दिल्ली नगरपालिका विरुद्ध कालू राम (१९७६) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागांच्या कायद्याखालीही मुदतबाह्य भाडं वसूल करू दिलं नव्हतं. पण तो कायदा वेगळा, तुमचा वेगळा. आपोआप लागू होईल अशा भरवशावर राहू नका. आक्षेप मात्र नोंदवा, नाहीतर पुढे अपिलात "हे आधी का नाही सांगितलं" असं विचारतात.

आणि हो, म्हाडाच्या प्रकरणात दिवाणी कोर्टाची वाट बंद आहे. अपील, आणि तिथेही नाही जमलं तर उच्च न्यायालयात रिट.

करदाता१ | २० जुलै, १०:५५

म्हणजे तीन वर्षांचे १८,००० भरले की सुटले? वा. आमच्या कराच्या पैशांतून बाकीचे ५७,०००.

कलमदान | २० जुलै, ११:०२

@करदाता१, आक्षेप घ्या असं म्हणालो. मान्य होईल असं म्हणालो नाही.

मुखत्यार | २१ जुलै, सकाळी ८:३०

घुसखोर शब्द इथे सहज वापरला जातोय म्हणून लिहितो. मी तोच.

२००४ साली बायकोचे दागिने मोडून आणि पतपेढीचं कर्ज काढून मी शिबिरातला गाळा घेतला. मूळ भाडेकरूने मुखत्यारपत्र दिलं, नोटरी केली, एजंटने सांगितलं सगळे असंच घेतात. आणि सगळे खरंच तसंच घेत होते. २१ वर्षं भाडं भरतोय, एक महिना चुकवलेला नाही. वसुलीवाले काका म्हणतात ते शब्दन् शब्द खरं आहे. पहिल्या आठवड्यात खिडकीवर असतो आणि पावतीला लॅमिनेशन करतो.

म्हाडाने शिबिरातल्या रहिवाशांचे अ, ब, क असे गट केले. अ म्हणजे मूळचे, ब म्हणजे माझ्यासारखे मुखत्यारपत्रवाले, क म्हणजे सरळ कुलूप तोडून शिरलेले. बाहेरच्या लोकांना तिन्ही सारखेच. ज्याने मला विकलं तो नालासोपाऱ्यात दोन खोल्यांत आरामात आहे, त्याला कोणी घुसखोर म्हणत नाही.

लोणच्याची_बरणी | २१ जुलै, ९:१०

@मुखत्यार, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण ती खोली मूळची कुणाची तरी असते हो, आणि त्याच्या मागे कुणीतरी रांगेत असतं, हेही आहेच. दोन्ही खरं.

झोपु_ग्रस्त | २१ जुलै, दुपारी १:२५

इथे सगळे "भाडं कोणी थकवलं" बोलताहेत म्हणून उलटी बाजू सांगतो. आमचं भाडं बिल्डरने थकवलंय.

झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेत २०१७ साली खोली तोडू दिली. करारात घर मिळेपर्यंत दरमहा भाडं बिल्डरने द्यायचं. पहिली दोन वर्षं चेक वटले. मग एक परत आला, मग "पुढच्या महिन्यात एकदम देतो", मग ऑफिसला टाळं. मी ज्या खोलीत भाड्याने राहत होतो तिथलं भाडं माझ्याकडून थकलं. चार महिन्यांनी मालकाने गॅस सिलिंडर आणि गाद्या जिन्यात काढून ठेवल्या. त्याला नोटीस लागत नाही, कलम लागत नाही. मुलाची दहावी होती, तो जिन्यातच अभ्यासाला बसला, वॉचमनने ट्यूबलाइट चालू ठेवली.

म्हणजे मी एकाच वेळी थकबाकीदार आणि येणेकरी. माझ्याकडून वसूल करायला मालक दारात, आणि बिल्डरकडून वसूल करायला मी प्राधिकरणाच्या दारात. माझा मालक जिंकला.

आता म्हणे सुधारलंय. ऑगस्ट २०२३चं झोपु प्राधिकरणाचं २१० क्रमांकाचं परिपत्रक आहे. त्यानुसार बिल्डरने दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायचं आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक द्यायचे. २०२५मध्ये कायद्यातही दुरुस्ती झाली, बिल्डरकडचं थकीत भाडं जमीन महसुलाच्या थकबाकीसारखं वसूल करता येईल. चांगलंच आहे. पण आमची खोली २०१७ साली तुटली.

कोयनाकाठ | २१ जुलै, १:४०

पत्राचाळ आठवली. गोरेगावच्या सिद्धार्थनगरातली ६७२ कुटुंबं. २००८ साली करार, खोल्या रिकाम्या केल्या, काही वर्षांनी बिल्डरने भाडं देणं थांबवलं. शेवटी म्हाडाने प्रकल्प हातात घेतला. घरांची वाट बघता बघता कितीतरी मूळ भाडेकरू गेले.

करदाता१ | २१ जुलै, रात्री ९:१५

झोपु_ग्रस्त यांचं प्रकरण वेगळं. तिथे करार आहे आणि बिल्डरने मोडलाय, त्याला उलटा टांगा, माझी हरकत नाही. माझा आक्षेप सरकारी जागेत वर्षानुवर्षं नाममात्र भाड्यात राहण्यावर आहे.

झोपु_ग्रस्त | २१ जुलै, ९:३१

धागाकर्त्यालाही परत नेऊ असंच सांगितलं होतं साहेब. त्यांचा करार तोंडी होता, एवढाच फरक.

टेम्सकाठी | २२ जुलै, पहाटे ३:५० (तुमच्या वेळेने)

गेली नऊ वर्षं मी पूर्व लंडनमधल्या एका काउन्सिलमध्ये भाडेथकबाकीच्या विभागात आहे. म्हणजे वसुलीवाल्या काकांचा जातभाई.

इथे काउन्सिलच्या सिक्युअर (कायम हक्काच्या) भाडेकरूला काढायचं तर आम्हाला कोर्टातच जावं लागतं. जाण्याआधी दाखवावं लागतं की भाडेकरूशी बोललो, त्याच्या मिळकतीप्रमाणे हप्ते ठरवायचा प्रयत्न केला, भत्त्याचा अर्ज अडकला असेल तर त्यात मदत केली. १९८५च्या हाउसिंग ॲक्टप्रमाणे थकबाकी सिद्ध झाली तरी न्यायाधीश आणखी एक गोष्ट बघतात, की या माणसाला घराबाहेर काढणं वाजवी आहे का. पुष्कळदा स्थगित ताबा आदेश होतो. चालू भाडं भरायचं, वर आठवड्याला ठरलेले थोडे पौंड थकबाकीपोटी. पाळलं तर घर राहतं.

इथे सगळं गोड आहे असं अजिबात समजू नका. युनिव्हर्सल क्रेडिट (सरकारी भत्ता) सुरू झालं की पहिले पैसे यायला पाच आठवडे लागतात. म्हणजे नोकरी गेलेला माणूस आमच्याच पद्धतीमुळे पहिल्या महिन्यातच माझ्या यादीत येतो. २०१३पासून घरात एक खोली जास्तीची ठरली तर भाड्यापोटी मिळणाऱ्या मदतीतून भाड्याच्या १४ टक्के रक्कम कापतात, दोन ठरल्या तर २५. मुलगा सैन्यात गेला, खोली रिकामी झाली, आई थकबाकीत, अशा फायली मी स्वतः हाताळल्यात.

पण एक फरक मला मोठा वाटतो. तुमच्याकडे पैसे मागणारी संस्था आणि घर खाली करायचा हुकूम देणारा अधिकारी एकाच छताखाली बसतात. मला माझ्याच टेबलावरून कुणाला घराबाहेर काढायचा अधिकार दिला असता, तर सोमवारच्या सकाळी मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

वसुलीवाला_निवृत्त | २२ जुलै, सकाळी ११:००

जातभाई, बरोबर बोललात. आमच्याकडे एक सक्षम प्राधिकारी होते, ते सुनावणीला आलेल्या म्हातारीला आधी खुर्ची द्यायचे आणि मग फाईल उघडायचे. त्यांच्यानंतर आलेले साहेब फाईल उघडायच्या आधी आदेश टंकून तयार ठेवायचे. कायदा दोघांना एकच होता.

अवांतर: १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला तेव्हा मुंबई बेटावर १९,६४२ उपकरप्राप्त इमारती होत्या. कल्पना अशी, की शिबिर हे धर्मशाळेसारखं, एक कुटुंब बाहेर पडेल आणि दुसरं आत येईल. बाहेर पडायची वाटच बंद झाली. चिंचोळे प्लॉट, रस्तारुंदी, आरक्षणं, मालकांचे वाद. धर्मशाळेत नातवंडांच्या मुंजी झाल्या.

लोणच्याची_बरणी | २२ जुलै, ११:४५

माझ्याकडे कामाला येते तिची बहीण तानसा पाइपलाइनजवळची. झोपडी तोडली आणि माहुलला घर दिलं. रिफायनऱ्यांच्या कुशीत. घराला भाडं नाही, पण नवऱ्याचा दमा वाढला आणि डॉक्टरचं बिल भाड्याच्या दुप्पट. शेवटी त्यांनी ते घर सोडलं. माहुलला जायचं नसेल त्यांना महिना १५,००० भाडं आणि ४५,००० अनामत द्या, असं उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९मध्ये सांगितलं होतं. करदाता, फुकट घर नको म्हणणारीही माणसं असतात, एवढंच सांगायचं होतं.

करदाता१ | २२ जुलै, १२:१०

माहुलबद्दल माझा आक्षेप नाही. तिथे मीही राहणार नाही.

परळचा_पाहुणा | १४ ऑगस्ट, रात्री १०:०५

उशिरा लिहितोय, धावपळीत होतो.

कागद कारणे दाखवा नोटिशीचाच होता. वकिलांमार्फत लेखी उत्तर दिलं, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. चार कागदांपैकी तीन मिळाले. घरमालकाची १९८९ची भाडेपावती, रिकामी करायची नोटीस आणि वाटपपत्र. ताबापावती नाही.

माहिती अधिकारात फाईल बघायला मागितली, कालच बघून आलो. मे २०१८मध्ये तपासणी पथक घरोघर आलं होतं. आई तेव्हा गावी, दर वर्षी आंब्यांच्या दिवसांत जाते. आमच्या गाळ्यापुढे निळ्या शाईत एक ओळ आहे: "मूळ भाडेकरू मयत. गाळ्यात अन्य इसम वास्तव्यास."

हा अन्य इसम कोण, यावर मी आणि बायको रात्रभर डोकं खाजवत होतो. आईला फोन केला तर ती हसायलाच लागली. माझा मावसभाऊ. स्पर्धा परीक्षेसाठी चिपळूणहून आला होता, आठ दिवस राहिला. पथकाने दार वाजवलं तेव्हा त्याने दात घासत दार उघडलं आणि "मावशी गावाला गेलीय" म्हणाला. त्या आठ दिवसांचे १,९५,००० झाले.

आणि आईचा २०१३चा वारस नोंदीचा अर्जही फाईलमध्ये आहे. आतल्या बाजूला, टाचणी गंजलेली. त्यावर कुणाचाच शेरा नाही, पण आवक शिक्का आहे, तारखेसकट.

कोयनाकाठ | १४ ऑगस्ट, १०:११

आवक शिक्का आहे!!!

कलमदान | १४ ऑगस्ट, १०:३०

त्या पानाची प्रमाणित प्रत उद्याच्या उद्या घ्या. फाईल हरवण्याआधी. ती प्रत हातात असेल तर "भरायची तयारी होती, खात्याने नोंद केली नाही" हे तुम्हाला तोंडी सांगावं लागणार नाही.

आज वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्याच दिवशी तुमची ही पोस्ट.

करदाता१ | १५ ऑगस्ट, सकाळी ८:०२

दात घासत दार उघडलं म्हणून सव्वासहा वर्षं घुसखोर? साडेसहा. हिशेब चुकला. पाहुणा, मी वर जरा तोडून बोललो होतो. नियमित भरणाऱ्याचा राग होता तो. वकिलाच्या फीला काही कमी पडत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

परळचा_पाहुणा | २७ सप्टेंबर, रात्री ९:४०

सुनावणी झाली. आईला घेऊन गेलो होतो. खुर्ची मिळाली (काका, तुमची आठवण आली). अधिकाऱ्यांनी अर्जाची प्रमाणित प्रत दोनदा वाचली. दराची फेरतपासणी करा आणि वारस नोंदीचा अर्ज निकाली काढा, तोवर निष्कासन नाही, असं सांगितलं. मुदतीच्या आक्षेपावर काहीच बोलले नाहीत. ५००च्या दराने ७५,००० मात्र भरावे लागतील असं दिसतंय. वकील म्हणाले, आक्षेप राखून हप्ते मागू. परळच्या जागेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, आलोच आहोत तर या महिन्याचं भाडं भरून जाऊ. मी म्हटलं घेणार नाहीत. तरी ती खिडकीवर गेली. नवीन मुलगी होती, तिने गाळा क्रमांक टाकला, ५०० घेतले आणि पावती सरकवली. पावतीवर अजून अण्णांचंच नाव आहे. आईने चष्मा लावून तारीख तपासली आणि पावती ब्लाउजमध्ये ठेवली. घरी आल्यावर डब्यात, २०१२च्या गठ्ठ्याला नवा रबरबँड लावून.

वसुलीवाला_निवृत्त | २७ सप्टेंबर, ९:५८

त्या पावतीची झेरॉक्स काढा. ही शाई वर्षात उडते.

वाचनमात्र_७७ | ३ ऑक्टोबर, दुपारी २:२०

धागा आता वाचला. आमचंही असंच आहे, सासऱ्यांच्या नावावर गाळा. वारस नोंदीचा अर्ज इंग्रजीत द्यायचा की मराठीत?

लोणच्याची_बरणी | ३ ऑक्टोबर, २:४१

मराठीतच. दोन प्रती. दुसरीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.